बैलाच्या चालीने आखलेले रस्ते

मैलाच्या दगडाचे डोके कोणत्या रंगाचे होते, हे मोटारीतून गेलेल्या माणसाला विचारले तर तो बहुधा गप्प बसेल. सायकलवाल्याला मात्र हे रंग पाठ हवेत. पिवळे डोके म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवे म्हणजे राज्यमार्ग आणि नारंगी म्हणजे खेड्याकडे जाणारा, बहुतेक वेळा प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता. उज्जैनच्या आसपास सायकलने हिंडायला निघालेल्या माणसाला मी एवढेच सांगतो, की पिवळा दगड दिसला की पुढचा फाटा शोध आणि नारंगी दिसला की निवांत हो.

ही योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. सपाट मुलखात पाचशेहून अधिक वस्तीचे प्रत्येक गाव बारमाही रस्त्याने जोडायचे, हा तिचा हेतू. रस्ता जेमतेम एका गाडीपुरता, डांबराची पट्टी तीन ते पावणेचार मीटर. दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की एकाला साइडपट्टीवर उतरावेच लागते. योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेतमाल, रुग्णवाहिका, शाळेची मुले होती, भटका सायकलस्वार नव्हता. पण फायदा त्यालाही झाला. जिथे पूर्वी काळ्या मातीत बैलगाडीची चाकोरी होती आणि पावसाळ्याचे चार महिने तीही बुडून जायची, तिथे आज डांबर आहे आणि दिवसभरात मोजकी वाहने आहेत.

दरम्यान मोठे रस्ते आणखी मोठे होत चालले आहेत. उज्जैन–बदनावर रस्ता चौपदरी झाला. २०२८ च्या सिंहस्थासाठी इंदूर–उज्जैन रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम काढले आहे. सायकलवाले यावर नाक मुरडतात, मी मुरडत नाही. ट्रक आणि बसगाड्या तिकडे ओढल्या गेल्या की उरलेले रस्ते अधिकच मोकळे होतात. वाईट वाटते ते एकाच गोष्टीचे: रुंदीकरणात कडेची जुनी झाडे जातात, आणि एप्रिलच्या उन्हात त्यांची किंमत कळते.

आता नकाशा पसरा. उज्जैनपासून उत्तरेला घट्टिया साधारण पंचवीस किलोमीटर, पश्चिमेला इंगोरिया तीसच्या आसपास, वायव्येला उन्हेल पस्तीस, ईशान्येला तराणा तेवढेच. बडनगर पन्नासच्या आत-बाहेर. नागदा आणि खाचरोद यांच्यात पंधरा-सोळा. मधल्या जागेत आठवड्याच्या हाटाची गावे. ही अंतरे कुणी कचेरीत बसून ठरवलेली नाहीत. ती बैलाने ठरवली आहेत. भरल्या गाडीचा बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालतो. पहाटे निघायचे, माल विकायचा, मीठ-तेल-कापड घ्यायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे, तर बाजार दहा-बारा किलोमीटरच्या आतच हवा. म्हणून हाट तेवढ्यावर. आणि ज्या मोठ्या मंडीला वर्षातून चार वेळाच जायचे, ती एका मुक्कामाच्या अंतरावर असली तरी चालते.

हा हिशेब मालव्याचा एकट्याचा नाही. तेराव्या शतकातल्या इंग्लिश कायद्यात ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावाने एक नियम सांगितला जातो: शेजारचा बाजार सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आत असेल तर तो उपद्रव समजावा. आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागचा तर्क अस्सल गावंढळ आहे. माणसाची दिवसाची चाल वीस मैल. तिचे तीन भाग करा: एक भाग जायला, एक सौद्याला, एक परत यायला. एक भाग म्हणजे सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैल, आपले पावणेअकरा किलोमीटर. पुढे १९३३ मध्ये वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने दक्षिण जर्मनीतल्या बाजारगावांवरून षटकोनांचे जाळे काढून दाखवले आणि त्याचे शास्त्र झाले. मालव्याच्या शेतकऱ्याला हा षटकोन न काढताच माहीत होता.

सायकलवाल्याला या सगळ्याशी काय करायचे? तर हे, की बैलाच्या मापाने बेतलेला मुलूख सायकलच्या मापालाही नेमका बसतो. सामान लादलेली सायकल तासाला चौदा-पंधरा किलोमीटर जाते. म्हणजे गाडीवानाचा निम्मा दिवस तुमचा पाऊण तास. दर पाऊण तासाला चहा, दर दोन-अडीच तासांनी जेवणाची सोय असलेले गाव, आणि संध्याकाळी तहसिलीचे ठिकाण, जिथे धर्मशाळा किंवा साधे लॉज मिळते. मोटारीला हीच गावे फार जवळ पडतात, म्हणून ती न थांबता निघून जाते.

मंडीच्या गावात मात्र थांबाच, आणि सकाळी थांबा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत आलेली असते. आत पटांगणात सोयाबीनच्या, लोकवन गव्हाच्या, टपोऱ्या काबुली हरभऱ्याच्या राशी. या हरभऱ्याला इकडे ‘डॉलर चना’ म्हणतात, आणि ज्याने हे नाव पाडले त्याला परदेशी बाजार कळत होता यात शंका नाही. लिलाव एका जागी होत नाही, तो चालतो. मंडीचा कर्मचारी पुढे, त्याच्यामागे दहा-पंधरा व्यापारी, असा घोळका एका ढिगाकडून दुसऱ्याकडे सरकत राहतो. एक जण मूठभर दाणे उचलतो, तळहातावर पसरतो, एक दाताखाली फोडतो. ओल किती हे त्या ‘कट्’ आवाजावरून कळते. ओला दाणा चेपतो, कोरडा फुटतो. बोली वीस-तीस सेकंदांत संपते. शेतकरी ढिगापाशी उभा असतो, बहुतेक वेळा गप्प. घोळका पुढे गेला की हम्माल आणि तुलावटी येतात. तुलावटी म्हणजे माप करणारा. उभे राहून बघणाऱ्या परक्या माणसाला कुणी हटकत नाही, फक्त ट्रॉली मागे घेणाऱ्याच्या वाटेत सायकल लावू नका.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची काढणी, आणि सायकलवाल्यासाठी मालव्यातला खरा धोका याच दिवसांत असतो. तो ट्रक नव्हे, धान्य. गावाजवळच्या डांबरी रस्त्याची अर्धी रुंदी मळलेले सोयाबीन वाळत घालायला वापरतात आणि कडेला दगड मांडून ठेवतात. गोल, कोरडा, गुळगुळीत दाणा अरुंद टायरखाली आला की सायकल अशी सरकते की ब्रेकची आठवण व्हायच्या आत माणूस जमिनीवर असतो. मी एकदा असाच पडलो. कोपर सोलले, आणि धावत आलेल्या बाईंनी आधी दाणे गोळा केले, मग मला पाणी दिले. क्रम बरोबरच होता. तेव्हापासून दाण्यांवर ब्रेक दाबत नाही. पायडल थांबवायचे, हँडल सरळ धरायचे, बस.

जमिनीविषयी मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको, ती ओळखीचीच आहे. सह्याद्रीचा कातळ ज्या लाव्हाचा, त्याच लाव्हाच्या थरांवर मालव्याचे पठार उभे आहे, आणि वऱ्हाडातली काळी माती तीच इथली काळी माती. फरक उताराचा. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास असलेले हे पठार उत्तरेकडे किंचित कललेले आहे. म्हणून नर्मदा जवळ असूनही क्षिप्रा, गंभीर, काली सिंध तिकडे न वळता उत्तरेला चंबळेकडे जातात आणि त्यांचे पाणी शेवटी यमुनेतून गंगेला मिळते. सायकलवर हा कल दिसत नाही, मांड्यांना कळतो. उज्जैनहून महिदपूरला जाताना आपण तब्येतीत आहोत असे वाटते, परतताना वय आठवते.

काळ्या मातीबद्दल एकच ताकीद. पावसाळ्यात डांबर सोडून शेतवाटेवर उतरू नका. पन्नास पावलांत चाकाला मातीची जाड वळी चढते, ती मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचेच थांबते. मग सायकल तुमच्या खांद्यावर. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून जोराचा, देवासच्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस. पहाटे बोटे आखडतात, दहाला स्वेटर पिशवीत जातो आणि दोन्ही बाजूंना गव्हाचा हिरवा पट्टा क्षितिजापर्यंत असतो. बडनगर-खाचरोदच्या बाजूला लसूण आणि बटाटाही दिसतो.

सायकल कोणती, हा प्रश्न पुण्या-नाशिकचे लोक सगळ्यात आधी विचारतात. उत्तर सायकलच्या दुकानात नाही, गावातल्या पंक्चरवाल्याकडे आहे. पिंपळाखालची टपरी, पत्र्याच्या घमेल्यात पाणी, सोल्यूशनची ट्यूब, कानस, हातपंप. त्याच्याकडे जे मिळत नाही ते तुमच्या सायकलला लागणार असेल, तर ते तुम्ही बरोबर बाळगायचे. मोठी घोटाळ्याची जागा म्हणजे ‘अठ्ठावीस इंची’ हा शब्द. दूधवाल्याच्या काळ्या सायकलची अठ्ठावीस इंची रिम टायर बसतो त्या जागी ६३५ मिलिमीटर व्यासाची. तुमच्या शहरी सायकलची ‘सातशे सी’ रिम, तीही बोलीत अठ्ठावीसच, पण ६२२ मिलिमीटरची. तेरा मिलिमीटरचा फरक. ट्यूब रबराची, ती ताणून कशीबशी भागते. टायर कधीच बसत नाही, आणि पंक्चरवाला आणि तुम्ही मिळून अर्धा तास घाम गाळल्यावर हे ध्यानात येते. तेव्हा घडीचा एक टायर सोबत असू द्या.

दुसरे व्हॉल्व्हचे. गावच्या पंपाला जुना, रबरी नळीचा व्हॉल्व्ह चालतो, आणि मोटारसायकलच्या कॉम्प्रेसरला जाड मोटारीचा. महागड्या सायकलचा सडपातळ, टोकाला फिरकी असलेला व्हॉल्व्ह या दोघांनाही अनोळखी. त्यावर चढवायची पितळी टोपी मिळते, सुपारीएवढी. ती खिशात ठेवा. टायर पस्तीस मिलिमीटरच्या आसपास रुंद असावा, कारण रस्त्याकडेला बाभूळ आहे आणि कुंपणाची छाटलेली फांदी रस्त्यावर येणारच. काटा निघाला तरी आतून टायरवर बोट फिरवून पाहा. त्याचे मोडलेले टोक आतच राहिलेले असते आणि पुढच्या दोन किलोमीटरवर ते पुन्हा भेटते.

उज्जैनला मुंबईहून यायला अवंतिका एक्स्प्रेस सोयीची. सायकल पार्सलच्या खिडकीवर नोंदवायची आणि ब्रेक व्हॅनमध्ये चढवायची. पायडल काढा, साखळीवर जुने कापड गुंडाळा आणि उतरायच्या ठिकाणाचे नाव सायकलवर दोन ठिकाणी ठळक लिहा.

या मुलखात मराठी माणूस पाहुणा आहे की घरचा, हे त्याचे त्यालाच ठरवता येत नाही. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी उज्जैन होती, नंतर दौलतरावांनी ती ग्वाल्हेरला नेली. महाकालाचे आजचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकात पुन्हा उभे राहिले. पण सायकलवरून हा इतिहास मंदिरांपेक्षा हद्दींमधून जास्त जाणवतो. उज्जैन, बडनगर, खाचरोद शिंद्यांकडे; तराणा, महिदपूर, सांवेर होळकरांकडे; आणि देवासला पवारांची दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात. १९४८ मध्ये ही संस्थाने विलीन होईपर्यंत चाळीस किलोमीटरच्या फेरीत तुम्ही दोन-तीनदा राज्य बदलले असते. गाडीवानाला जकात द्यावी लागत असेल, सायकलवाल्याला फक्त गतिरोधक लागतात.

महिदपूरला क्षिप्रेच्या काठी सायकल लावून थोडे बसा. २१ डिसेंबर १८१७ रोजी इथे होळकरांची फौज आणि थॉमस हिस्लॉप व जॉन माल्कम यांची इंग्रजी फौज समोरासमोर आली. आदल्याच दिवशी होळकरांच्याच लोकांनी राज्यकारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना याच नदीकाठी ठार केले होते. गादीवरचा मल्हारराव जेमतेम अकरा वर्षांचा. होळकरांचा तोफखाना जबर होता आणि इंग्रजांना उताराच्या जागेवरून, तोफांच्या तोंडासमोर नदी ओलांडावी लागली. पुस्तकात वाचताना हे कळत नाही, काठावर उभे राहिल्यावर कळते: नदी रुंद नाही, पण दरडी उंच आहेत. पाण्यात उतरलेला माणूस वरून दिसतो आणि दरडीच्या पायथ्याशी पोचला की लपतो. सगळी लढाई त्या मधल्या पट्ट्याची. पुढे ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि होळकरशाही इंग्रजांची मांडलिक बनली.

महिदपूरहून परतताना डोंगला गावावरून या. कर्कवृत्त इथून जाते, म्हणून इथे वराहमिहिरांच्या नावाने वेधशाळा उभारली आहे. २१ जूनच्या आसपास भर दुपारी उभ्या काठीची सावली काठीच्या पायातच विरते. प्राचीन ज्योतिष्यांनी आपली मध्यरेषा उज्जैनवरून नेली होती. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उज्जैनला बांधलेली वेधशाळा पडझडीला आली, तेव्हा माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये ती दुरुस्त करवली आणि त्यामागे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाची खटपट होती. जूनच्या दुपारी डोंगल्याला सायकलने जायचा हट्ट मात्र करू नका. सावली नाहीशी होते, याचा अर्थ तुमचीही होते.

खाण्याची चिंता नसावी. सकाळी पोहे-जिलबी. वर शेव आणि बडीशेपेचा वास, आपल्या पोह्यांची ही मालवी सून थोडी गोड आहे. दुपारी मिळाले तर दाल-बाफले: कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडून मग गोवऱ्यांवर भाजलेले, फोडून तुपात बुडवलेले. चव अप्रतिम, पण त्यानंतर तासभर सायकल चालवता येईल अशी आशा बाळगू नये. बाफले मुक्कामाच्या गावी खावेत, वाटेत नाही. आणि वाटेत कुणी ‘कां जई रिया हो?’ विचारले तर गावाचे नाव सांगा, दिवसाचे किलोमीटर नकोत. किलोमीटर सांगितले की पुढचा प्रश्न ‘मोटारसायकल नाही का?’ हाच असतो. शाळेच्या वेळी मात्र तुम्ही एकटे नसता. दुसऱ्या गावी शिकायला जाणाऱ्या सहावी आणि नववीच्या मुलामुलींना राज्य सरकार सायकली देते, त्यामुळे सकाळी दहाच्या सुमारास या रस्त्यांवर सगळ्यात जास्त वाहने सायकलीच असतात, आणि शर्यत लावणारी मुलगी गिअरच्या सायकलला सहज मागे टाकते.

एवढे सगळे करायला वेळ नसेल तर एकच फेरी करा, आणि ती आधीच आखून ठेवलेली आहे. उज्जैनची पंचक्रोशी यात्रा: ११८ किलोमीटर, पाच दिवस, वैशाखातल्या वद्य दशमीपासून अमावास्येपर्यंत. उत्तरेतला वैशाख पंधरा दिवस आधी लागतो, आपल्या पंचांगाने तेव्हा चैत्र वद्य चालू असते. शहराच्या चार दिशांना चार द्वारपाल शिवलिंगे: पूर्वेला पिंगळेश्वर, दक्षिणेला कायावरोहणेश्वर, पश्चिमेला बिल्वकेश्वर, उत्तरेला दुर्दुरेश्वर. खेड्यापाड्यांतली माणसे डोक्यावर पीठ-डाळीचे गाठोडे घेऊन चालत निघतात. टप्पे पाहा. पिंगळेश्वर बारा किलोमीटर. तिथून करोहन तेवीस. तिथून नलवा एकवीस, अंबोदिया आणखी सहा, जिथे उज्जैनला पाणी पुरवणारे गंभीर नदीचे धरण आहे. मग कालियादेह एकवीस, जैथल सात, उंडासा सोळा आणि क्षिप्रेचा घाट बारा. तेविसाच्या वर एकही टप्पा नाही. डोक्यावर ओझे असलेला माणूस दिवसात किती चालतो याची ही मोजपट्टीच आहे, आणि ती ब्रॅक्टनच्या हिशेबाच्या फार लांब नाही.

सायकलवर ही फेरी दोन दिवसांत आरामात होते, आणि ती डिसेंबरात करावी. यात्रेच्या दिवसांत रस्ता चालणाऱ्यांचा असतो, त्यात चाक घुसवणे बरे दिसत नाही. कालियादेहला जरा जास्त थांबा. क्षिप्रेच्या बेटावर मालव्याच्या सुलतानांनी महाल बांधला आणि नदीचे पाणी बावन्न कुंडांतून खेळवले. पायऱ्यांवरून पाणी एका कुंडातून दुसऱ्यात पडते, तिथे दगड झिजून बशीसारखे झाले आहेत. चालून आलेले यात्रेकरू त्यांत पाय सोडून बसतात. मीही बसलो.

यात्रेची सुरुवात आणि शेवट पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराशी. निघताना यात्रेकरू देवाकडून बळ मागून घेतो. ते दान नसते, उसने असते. पाच दिवसांनी परत येऊन मातीचे घोडे वाहायचे आणि घेतलेले बळ परत करायचे. घोडे ओबडधोबड, वीतभर, चार पाय खुंटासारखे. मी डिसेंबरात सायकलने गेलो होतो, बळ मागितले नव्हते, तेव्हा परत करण्यासारखेही काही नव्हते. तरी एक घोडा घेतला, घरी फळीवर ठेवायला. हँडलच्या पिशवीत, पंक्चरच्या डबीशेजारी, टॉवेलात गुंडाळून. फ्रीगंजच्या पुलाच्या आधी एक गतिरोधक आहे, अंधारात दिसला नाही. घोड्याचा डावा कान तिथे गेला.